बावीस दिवसांची बॅग

माळ्यावरून काढलेली मोठी सूटकेस मी परत वर ढकलली आणि बायकोला बजावलं, "बावीस दिवस, माणशी एक बॅग, सात किलो. ज्याची त्यानं उचलायची."

नागपूरला तिच्या भाचीचं डोहाळजेवण, इंदूरला तिच्या भाच्याचं लग्न, मग आम्ही दोघंच मनालीला. लग्नाचा कुर्ता ठेवल्यावर माझा काटा साडेसातवर गेला, म्हणून स्वेटर बाहेर काढला. मे महिन्यात कसला आलाय स्वेटर! बायकोनं मात्र दोनच साड्या घेतल्या. तिची बॅग निम्मी रिकामी. मी हरलो होतो.

नागपूरहून निघताना तिची ओटी भरली. साडी, खण, नारळ. मला टॉवेल-टोपी. इंदूरला आत्याच्या मानाची पैठणी, वर एक शाल, नारळ आणि लाडू-चिवड्याचे जड डबे. मला पुन्हा टॉवेल-टोपी.

"माहेरची माणसं आहेत हो," ती म्हणाली, "रिकाम्या हातानं पाठवतील का?"

मनालीला बसमधून उतरलो आणि वारं हाडांत शिरलं. मी डोक्यावर एकावर एक दोन्ही टोप्या चढवल्या, एक टॉवेल कानांना बांधला, दुसरा गळ्याला गुंडाळला. शाल पांघरून ती पोटभर हसली. मग खाली बसून तिनं बॅग उघडली, नारळ बाजूला केले आणि अगदी तळातून माझा स्वेटर काढला.

"घाला. निघताना माझ्याकडे जागा होती."

मी स्वेटर घातला आणि मुकाट्यानं तिची बॅग उचलली. सतरा किलो तरी असेल.