नायेफचा पुढचा दात

जॉर्डनमधल्या मादबा शहरातल्या रुग्णवाहिका केंद्राच्या भिंतीवर वरूद ओल्या चुन्यात रंगीत खडे बसवत होती. पुरातून माणसं काढताना वाहून गेलेल्या चौघा कर्मचाऱ्यांचे चेहरे उमटत होते. त्यातल्या नायेफच्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या आईनं नकारार्थी मान हलवली. “मावशी, काही चुकलं?” वरूद धास्तावली. “देखणा आहे, पण माझा नाही. माझ्याचा पुढचा दात पडलेला होता.” केंद्रप्रमुख कुरकुरले, “स्मारकावर फट शोभेल?” आई उसळली, “गाडीचा भोंगा बिघडला की त्याच फटीतून शीळ घालून रस्ता मोकळा करायचा!” प्रमुखांना हसू फुटलं, ती शीळ त्यांनीही ऐकली होती. चुना सुकायच्या आत वरूदनं पांढरा खडा उचकटून काळा बसवला. आईनं त्यावर अलगद बोट टेकवलं. “आता आलास, लबाडा!” तेवढ्यात शेजारच्या चेहऱ्याची बायको पुढं सरसावली. “मग आमच्या ह्यांचं टक्कल कुठंय? काढा ते केस!” वरूदनं हसत छिन्नी उचलली.