बोचक्यात न मावणारी आजी

तोन्ले साप तळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! माझी नात मालिस पहिल्यांदाच मैत्रिणीकडे, दालिनकडे, झोपायला निघाली. बोचक्यात उशी कोंबली, चादर कोंबली, दालिनच्या आईसाठी सुके मासे कोंबले. गाठ मारली आणि भोकाड पसरलं.

"आजी, तू काही या बोचक्यात मावत नाहीस गं!"

मी लेकाला म्हटलं, "घराचा दोर सोड."

"आई, एका रात्रीसाठी अख्खं घर हलवायचं?"

"मग तरंगतं घर असतं कशाला?"

त्यानं घर होडीला बांधलं आणि नेलं ओढत. कोंबड्या, मांजर, चुलीवरचा भात, सगळी वरात दालिनच्या दाराला लागली. तिची आई ओरडली, "म्हातारे, मी पोरीला बोलावलं होतं, घराला नाही!" मालिस एका उडीत तिकडे गेली आणि सकाळपर्यंत ढाराढूर झोपली.

बरं, एवढंच जरा फिरवून सांगितलं. भोकाड मालिसनं नाही, मी पसरलं होतं. ती बिचारी माझे डोळे पुसत होती. पुढच्या खेपेला घर जागेवरच ठेवायचं, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. सराव चालू आहे माझा.