पिठाच्या डब्यातली वही

एवेलिओने बायकोची वही न्हाव्यापुढे आपटली, तसं मक्याचं पीठ भुरभुरलं. "वाच. एक शब्द खाऊ नकोस."

हा न्हावी विल्बेर चौदा वर्षं लॉस एंजेलिसात काढलेला; तिथल्या सरकारने बेड्या घालून मायदेशी परत पाठवलेला. उसुलुतानच्या त्या गल्लीत इंग्रजी कळणारा तो एकटाच.

"दिनोरावहिनींचं अक्षर दिसतंय."

"शनिवारी प्रार्थनेला जाते म्हणते. प्रार्थना वहीत लिहून पिठात पुरतात होय? माणूस आहे कुणीतरी. नाव शोध त्याचं."

विल्बेरने पान वाचलं आणि हसू लागला. "अरे, इंग्रजीची शिकवणी आहे ही! 'गिव्ह अप', म्हणजे सोडून देणं. बाई असा एकेक शब्द देतात, त्यावर आपल्या घरचीच वाक्यं करायची. ऐक. 'मी साखर सोडली.' 'आईने सिगारेट सोडली.' 'मी आशा सोडत नाही.'"

"मग लपवायचं कशाला?"

"बाजारातून यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर तू शेजारणीकडे चौकशी करतोस. लपवेल नाही तर काय!"

एवेलिओला बरं वाटायला हवं होतं, पण विल्बेर भलत्याच घाईने वही मिटत होता. एवेलिओने पानांमध्ये बोट घातलं. इंग्रजी येत नसलं तरी शेवटच्या ओळीतलं स्वतःचं नाव त्याला दिसलं होतं.

"इथे मी आहे. काय म्हणते?"

"तेच रे. गृहपाठ."

"विल्बेर, तुझ्या पोरीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता आहे मी. खोटं बोलू नकोस."

विल्बेर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "'एवेलिओला सोडणं मला अजून जमलेलं नाही.'"

एवेलिओचा जीव भांड्यात पडला. तो मोठ्याने हसला आणि मित्राच्या पाठीत थाप देऊन, वही काखोटीला मारून दारापर्यंत गेला. तिथे त्याचे पाय थांबले.

"ते 'अजून' तिने लिहिलंय, की तू घातलंस?"

विल्बेर वस्तरा पट्ट्यावर घासू लागला. खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं.

एवेलिओने वही उघडली. त्याला आता खरोखर भीती वाटत होती. त्या ओळीतला शेवटचा शब्द, 'येट', बाईंनी लाल शाईने अधोरेखित केला होता, आणि समोर बरोबरची खूण केली होती. तेवढं मात्र त्याला वाचता आलं.