एकटीसाठी खेळ

बंद पडलेल्या दवाखान्यात ती एका वेळी एकाच प्रेक्षकासाठी नाटक करायची. आज आलेल्या बाईंचं मात्र नाटकाकडे लक्षच नव्हतं. त्या सारख्या खिडकीचा पडदा जरासा सरकवून खाली रस्त्यावर बघत होत्या, मधूनच दारं न्याहाळत होत्या. नटीच्या मनात पाल चुकचुकली. ही कोणाला आत घेण्यासाठी तर आली नाही ना?

नाटक संपलं तरी बाई उठेनात.

"आवडलं नाही का?" नटीने स्वतःची पर्स जवळ ओढत विचारलं.

"खरं सांगू? एक शब्द ऐकला नाही मी. खाली नवरा उभा आहे. कुठेच एकटीला सोडत नाही तो. इथे दुसऱ्याला आत घेत नाहीत, म्हणून आले. मागच्या बाजूने बाहेर पडता येईल?"