रायपूरचा संपर्क

खाली गाडी येऊन उभी राहिली, दोनदा हॉर्न वाजला, तरी काशिरामने कानांवरचा हेडफोन काढला नाही. गाडी ओवे गावाहून आली होती. भाच्याने, मिथुनने, खास मामाला न्यायला पाठवली होती. दुपारी मिथुनचं लग्न होतं, आणि मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असा हट्ट तो धरून बसला होता. काल हळदीलाही मामा गेला नव्हता.

"चला ना आता," नवं लुगडं नेसून तयार बसलेली सोनाबाई म्हणाली. "मुलीकडची मानसं पन आली. पोरगा वाट बघतंय."

"उल्का पडायच्या चालू हायत. मधी बोलू नको."

उल्का पडत होत्या हे खरंच. जूनच्या सुरुवातीला त्या भर दिवसा पडतात, उन्हामुळे डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. जळता जळता वर एक रेघ सोडून जातात. ती टिकते तेवढ्या क्षण-दोन क्षणांत रेडिओच्या लहरी तिच्यावर आपटून हजार किलोमीटरवर जाऊन पडतात. एक मिनिट आपण पाठवायचं, एक मिनिट ऐकायचं. तुझं मला मिळालं आणि माझं तुला मिळालं, हे दोन्हीकडे उल्केवरूनच कळलं तर तो संपर्क धरतात. मध्येच फोन करून 'आलं का हो?' विचारलं की सगळं बाद. बघायला कोणी येत नाही. ज्याने त्याने आपल्या मनाशी खरं राहायचं.

आणि खरेपणाच्या बाबतीत काशिरामचा पनवेलच्या हॅम क्लबात, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळात, भारी दबदबा होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने सुकापूरच्या घराच्या गच्चीवर अँटेना चढवला आणि रायपूरच्या शशिकलाताईंशी उल्केवरून संपर्क करायचा ध्यास घेतला. त्यांचं याला ऐकू यायचं, याचं त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. काशिरामकाका आभाळाला फोन लावतात, म्हणून आळीतली पोरं दात काढायची. तिसऱ्या वर्षी, उल्का संपत आल्या असताना, हेडफोनमध्ये शशिकलाताईंची 'मिळालं'ची खूण खणखणीत वाजली. पनवेलातून असा संपर्क आधी कोणी केला नव्हता. काशिरामने आळीत पेढे वाटले, क्लबाने शाल दिली, आणि तेव्हापासून हा माणूस जरा जमिनीच्या वरूनच चालू लागला.

मिथुन त्याचा पहिला चेला. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बहिणीचं हे पोर निम्मंअर्धं याच घरात जेवून मोठं झालं. मामाच्या पेढ्यांनंतर वर्षभराने, म्हणजे चार वर्षांपूर्वी, त्याने घाई केली. विशाखापट्टणमच्या एका माणसाशी संपर्क चालू असताना मधूनच फोन लावून विचारलं, आणि काशिरामला ते समजलं. घरच्या घरी कान पिळून भागलं असतं. पण याने त्याला क्लबच्या भरल्या सभेत उभं केलं, चोर म्हटलं आणि क्लबातून काढायला लावलं. अध्यक्षांनी मिथुनला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? तो नुसता मामाकडे बघत राहिला आणि "चुकलो" म्हणाला. पुन्हा त्याने या घराची पायरी चढली नाही. काशिरामला त्याची आठवण यायची नाही असं नव्हतं, पण आठवणीपेक्षा त्याचा ताठा मोठा होता.

सोनाबाईचा फोन वाजला. मिथुनच होता. तिने फोन नवऱ्यापुढे धरला. त्याने माशी हाकलावी तसा हात केला.

"खोटा संपर्क करनाऱ्याच्या मागं मी उभा नाय राहनार," तो म्हणाला. "लोक काय बोलतील? भाचा हाय म्हनून काशिरामनं सोडून दिलं, असं बोलतील."

फोन वाजून वाजून बंद झाला. सोनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने पदराने पुसलं. मग पुढे होऊन तिने आपल्या हाताने त्याच्या कानांवरचा हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत त्या सामानाला तिने कधी बोट लावलं नव्हतं.

"आन तुमचा खरा हाय काय?" ती म्हणाली.

"म्हंजे?"

"तिसऱ्या वर्षी तुमी जेवन टाकलं व्हतं. रातभर येरझाऱ्या घालायचे. मला बघवला नाय. मी शशिकलाताईंना फोन केला. बोलले, बाई, तुमाला आयकू येवो नायतर न येवो, मिळालं म्हनून कळवा. मानूस हातचा जायील माजा. त्या तयार नव्हत्या. मी रडले, तवा कुठं हो बोलल्या."

टेबलावरच्या हेडफोनमधून काहीतरी बारीक वाजून गेलं. काशिरामने तिकडे पाहिलंही नाही. भर पंगतीत पुढचं ताट कोणी ओढून घ्यावं तसा तो बसला होता. त्याला सोनाबाईचा राग यायला हवा होता, तो आला नाही. रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. त्याला एकाच गोष्टीची भीती वाटली. तो उठला, ड्रायव्हर वर आला नाही ना ते बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"हे मिथुनला कळता कामा नाय," तो हळू आवाजात म्हणाला.

सोनाबाई चपला पायात सरकवत होती. तिने मान वर केली नाही.

"त्याला तवापासून माहीत हाय," ती म्हणाली. "मला कुठं फोन लावता येत व्हता? रायपूरचा नंबर त्यानंच लावून दिला."