भास्करच्या नावाचा बीकन

“घाबरू नका, पण तुमचे मिस्टर डोंगरावर संकटात आहेत,” कॅनबेराच्या बचाव केंद्रातली बाई फोनवर अत्यंत शांतपणे म्हणाली.

चित्रलेखाने मिस्टरांकडे पाहिलं. भास्कर पॉइंट कुकच्या घरात, ओट्यापाशी, हाफ पँटमध्ये उपमा खात उभा होता. संकट म्हणण्यासारखं एकच होतं. लिंबू संपलं होतं.

“ते इथेच आहेत.”

“खात्री आहे?”

चित्रलेखाने पुन्हा एकदा पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. “आहेत,” ती म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकला.

थ्रेडबो गावाच्या वर, कॉझियस्को शिखराच्या वाटेवर, बर्फात, भास्करच्या नावावर नोंदलेला बीकन वीस मिनिटांपासून मदत मागत होता. बाईने आधी भास्करलाच फोन केला होता. त्याने तो कापला होता.

“अनोळखी नंबर होता,” भास्कर म्हणाला. “शनिवारी मी ओळखीचेही घेत नाही.”

ते खरं होतं. त्याच्या स्क्रीनवर सकाळपासून बाबांचे तीन मिस्ड कॉल होते. ते रोजच असत. भास्कर रविवारी सगळ्यांचं एकदम उत्तर द्यायचा.

“मग वर कोण आहे?” बाईने विचारलं. “माणसं किती? वय काय? कड्यावर ढग उतरतायत. टीम निघालीय, पण कोणाला शोधायचं ते कळलं तर बरं.”

भास्करला आठवेना. बीकन म्हणजे एक पिवळी डबी. डोंगरात अडकलेल्याने तिचं बटण दाबलं की ती उपग्रहाला हाक मारते. तीन वर्षांपूर्वी त्याने ती बूट, तंबू आणि दोन काठ्यांसकट विकत घेतली होती. त्या सामानानिशी तो एकदा डोंगराच्या कार पार्कपर्यंत गेला होता. मग सामान मंडळींत फिरायला लागलं. इथल्या मराठी मंडळींत तंबू, बेबी सीट आणि मोदकपात्र सध्या कोणाकडे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

त्याने वेरिबीच्या मित्राला, नरेंद्रला फोन लावला.

“बीकन? अरे, तो मी यामिनीला दिला. न्यूझीलंडला निघाली होती ती. का रे, हवाय तुला? निघालास की काय एकदाचा?”

यामिनी म्हणाली, “मी परत केला की! गणपतीला तुझी बहीण आली होती ना, तिच्याकडे दिला. म्हटलं, घरातल्या घरात पोचेल.”

भास्करने वॉलॉंगॉंगला बहिणीला फोन लावला.

“स्वप्ना, माझा बीकन कुठाय?”

“दादा, आधी ओरडणार नाही म्हण.”

“मी ओरडत नाहीये!” भास्कर ओरडला.

“बाबांकडे आहे.”

“आणि बाबा?”

“काल सीनियर्सच्या बसने डोंगराच्या पायथ्याशी, जिंडबाइनला गेले. आज चेअरलिफ्टने वर जाणार होते. अरे, भारतातून माझ्याकडे यायची ही तिसरी खेप आहे त्यांची. दर खेपेला ते डोंगरावर ने म्हणतात, तू ‘पुढच्या वर्षी’ म्हणतोस. मग मी डबी देऊन टाकली. म्हटलं, काही झालं तर हे बटण दाबा, दादाला फोन जाईल.”

“मला नाही गं जात! सॅटेलाइटला जातो!”

“मग तुला कसं कळलं?”

भास्करने फोन ठेवला.

बाबांनी, म्हणजे काशीनाथरावांनी, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नदीची पातळी मोजली होती. नदी किती वर आली हे त्यांना रोज माहीत असे. ती बर्फातून कशी निघते, एवढंच बघायचं राहिलं होतं. त्या वाटेवर स्नोई नदीचा उगम दिसतो, हे त्यांनी भास्करला तीन नकाशांवर दाखवलं होतं. भास्करने त्यांना त्यांचे गुडघे दाखवले होते.

“एकच माणूस,” भास्कर स्पीकरजवळ वाकून म्हणाला. “माझे वडील. चौऱ्याहत्तर वर्षं. हार्टमध्ये एक स्टेंट. मफलर असेल.”

“बर्फाचा अनुभव?”

भास्करने विचार केला. “पाण्याचा आहे.”

मग तो आपल्या फोनवरच्या बाबांच्या मिस्ड कॉलकडे बघत बसला. नऊ दहा. नऊ पस्तीस. दहा पाच. नंतर काही नाही. त्याने बाबांचा नंबर लावला. आपणहून लावायची ही वर्षातली पहिली वेळ. फोन रेंजमध्ये नव्हता.

उपमा गार झाला. चित्रलेखाने तो गरम केला. तो पुन्हा गार झाला. स्वप्ना दर पाच मिनिटांनी फोन करून रडत होती, आणि भास्कर प्रत्येक फोन पहिल्याच रिंगला उचलत होता. मधेच एक अनोळखी नंबर आला. तोही उचलला. सोलर पॅनेल विकणारा होता. भास्करने त्याला विचारलं, “सापडले का?”

पन्नास मिनिटांनी कॅनबेराच्या बाईचा फोन आला.

“सापडले. ठणठणीत आहेत.”

चित्रलेखा खुर्चीत बसली. भास्कर उभाच राहिला. “मग झालं काय होतं? पडले? छातीत दुखलं?”

“काहीच नाही.” बाईलाही हे नीटसं कळलेलं दिसत नव्हतं. “एका ओढ्याशी दगडावर बसलेत. बीकन कानाला लावून. आमच्या रेंजरला म्हणाले, नदी सापडली, मुलाला सांगायचंय. बीप बीप ऐकू येतंय, म्हणजे रिंग जातेय. मुलगा उशिरा उचलतो, पण ते थांबायला तयार आहेत.”