पंख्याची चूक

केतकीने मेथीची पहिली जुडी निवडून बाजूला ठेवली आणि दुसरीची दोरी सोडली. पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये साठ शिकाऊ फौजदार वह्या उघडून तिच्याकडे पाहत होते. पहिल्या रांगेत तिची आई कुमुदिनीबाई बसल्या होत्या. त्यांची सही असल्याशिवाय हा धडा दाखवता येत नसे, म्हणून त्या दरवर्षी यायच्या.

केतकीच्या खोलीत साचलेल्या धुळीतून यंत्र तिची शेवटची अकरा मिनिटं उभी करत होतं. बेल वाजली, तिने मान वर केली आणि चित्र विरलं.

"खुनी यानंतर आत आला," निरीक्षक फडतरे म्हणाले. "पण त्या वेळची धूळ उडाली. कशाने?"

"पंख्याने, सर. पंचनाम्याआधीच हवालदाराने लावला," एक शिकाऊ म्हणाला.

"का लावला?"

पोरं वह्या चाळू लागली.

"मला घेरी आली होती," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

पोरांनी तेही लिहून घेतलं.

वर्ग सुटल्यावर फडतरे त्यांच्याजवळ आले. "मावशी, नवं यंत्र आलंय. मुद्देमालातल्या त्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ वाचता येईल. खुनी दिसेल. पण जुळवायला ही उरलेली धूळ लागेल आणि ती त्यात संपेल. केतकी मग पुन्हा दिसणार नाही."

त्यांनी कागद पुढे केला. कुमुदिनीबाईंनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"पुढची बॅच कधी आहे?" त्यांनी विचारलं.